मोहोळ मुरेपलीकडे गेलं

नदीच्या पुलावरच्या कार्यक्रमाला पंचवीस मिनिटं उरली असताना नेझकाने पेटीवरचं चित्र पहिल्यांदा नीट पाहिलं आणि तिच्या हातातली गिबानित्सा केकची बशी कलंडली.

"काका, हे काय आणलंत?"

"मधमाश्या," बोल्फेंककाका म्हणाले.

"चित्राचं विचारतेय मी!"

पेटीच्या दर्शनी फळीवर दोन सैतान एका बाईची जीभ धार लावायच्या चाकावर घासत होते. आमच्याकडे जुन्या पेट्यांवर अशी चित्रं असतातच, आणि हे तर सगळ्यांचं लाडकं. एरवी कुणाला काही वाटलं नसतं. पण ही पेटी आमचं लिप्ये गाव नदीपलीकडच्या मुरडॉर्फला भेट देणार होतं, म्हणजे स्लोव्हेनियाकडून ऑस्ट्रियाला, आणि ती घ्यायला येणार होत्या तिथल्या नगराध्यक्षा हेडविगबाई. या बाईंनी गेल्या वर्षी अग्निशमन दलाच्या नव्या शिडीचं उद्घाटन केलं, तेव्हा प्रात्यक्षिकासाठी वर चढवलेला जवान भाषण संपेपर्यंत वरच राहिला होता.

"पाहुण्या कोण आहेत ते माहीत होतं ना तुम्हाला?"

"माहीत होतं म्हणूनच तर..." काकांनी खाकरून वाक्य बदललं. "म्हणजे, माझी सगळ्यात चांगली पेटी दिली."

नेझका गावच्या कचेरीत चिटणीस. लिप्येतले डॉक्टर निवृत्त झाल्याला तीन वर्षं झाली होती. नवा कुणी यायला तयार नव्हता. साधा खोकला झाला तरी बसने चाळीस किलोमीटर जायचं. काकांचा गुडघा तर बसच्या पायरीलाच घाबरायचा. मुरडॉर्फच्या डॉक्टर रोझवीटा मंगळवारी आणि गुरुवारी पूल ओलांडून इकडे बसायला राजी होत्या. त्यासाठी नेझकाने तीन वर्षं दोन्ही देशांच्या कचेऱ्यांचे उंबरे झिजवले होते. आता फक्त हेडविगबाईंची सही हवी होती, आणि ती पेटी स्वीकारल्यावर व्हायची होती.

आमचे नगराध्यक्ष फ्रान्त्स धावत आले, चित्र पाहून पांढरे पडले आणि म्हणाले, "झाका ते. दोन्ही देशांचे झेंडे टाका वरून. शोभेलही."

"फ्रान्त्सा, दार झाकलं जाईल," काका म्हणाले. "मे महिना आहे. आतल्या आत उकडतील बिचाऱ्या. शिवाय मोहोळ उठून दुसरीकडे जायच्या बेतात आहे."

"दहा मिनिटांचा तर प्रश्न आहे!" म्हणत फ्रान्त्सनी झेंडे टाकलेच.

हेडविगबाई बोलायला उभ्या राहणार आहेत हे माहीत असूनही जो माणूस दहा मिनिटं म्हणतो, त्याच्या आशावादाला माझा नमस्कार.

बाई पस्तीस मिनिटं बोलल्या. मुरा नदीवर बोलल्या, पुलावर बोलल्या, एकेकाळी इथे पासपोर्ट दाखवावा लागायचा आणि आता पोरं आइस्क्रीम खायला पलीकडे जातात, यावर बोलल्या. खरं सांगायचं तर छान बोलल्या. पण फुलांवरून परतलेल्या माश्यांना दार सापडेना. त्या झेंड्यांवर बसू लागल्या आणि बघता बघता ऑस्ट्रियाचा लाल-पांढरा झेंडा तपकिरी झाला. पेटीतून घुर्र आवाज यायला लागला.

"ऐका!" बाई भारावून म्हणाल्या. "त्यासुद्धा आपल्या मैत्रीचं गाणं गातायत!"

"गातायत कसल्या, शिव्या देतायत," काका पुटपुटले.

झाकलेली वस्तू म्हणजे अनावरण, हे कुठल्याही नगराध्यक्षाच्या हातात मुरलेलं असतं. नेझका पुढे झेपावेपर्यंत बाईंनी दोन्ही झेंडे खस्सकन ओढले. समोर सैतान, चाक आणि जीभ.

"अस्सं!" बाई चित्राकडे बघून मोठ्यांदा हसल्या. "माझी धार कमी पडत होती होय? चांगलंय हो! हे मी कचेरीत खुर्चीमागेच लावते."

नेझकाचा जीव भांड्यात पडला, आणि त्याच क्षणी माश्या बाहेर पडल्या. राणीसकट सगळं मोहोळ उठलं, पुलावरून तिरकं गेलं आणि थेट ऑस्ट्रियात शिरलं.

मोहोळ उठलं की धन्याने मागे जायचं आणि ते बसेल तिथून परत आणायचं. मग अंगण कुणाचंही असो, कुणी अडवत नाही. काका गुडघा विसरून धावले. त्यांच्या बरोबरीने हेडविगबाईही धावू लागल्या.

"तुम्ही कुठे, बाई?"

"मोहोळ माझं आहे! झेंडे मी ओढले!"

"सही कुठे झालीय? अजून माझंच आहे!"

"मग दोघं पळू!"

त्यांच्यामागे फ्रान्त्स, नेझका, मुरडॉर्फचा बँड आणि सगळं लिप्ये. मोहोळ डॉक्टर रोझवीटांच्या दवाखान्याच्या दारावरच, पाटीला लटकून बसलं होतं. आत डॉक्टर आणि चार पेशंट अडकले होते. मुरडॉर्फवाल्यांनी तीच नवी शिडी आणली, माश्या पुन्हा उडू नयेत म्हणून लिप्येच्या बायकांनी पाणी शिंपडलं. काका वर चढले. खाली पेंढ्याची टोपली धरायला माणूस हवा होता. दोन्ही गावांचे पुरुष आपापले बूट न्याहाळू लागले.

"द्या इकडे," हेडविगबाई म्हणाल्या आणि टोपली डोक्यावर धरून उभ्या राहिल्या.

"हलू नका. आणि बाई, राग मानू नका, पण तोंड मिटून."

बाई बारा मिनिटं बोलल्या नाहीत. मुरडॉर्फच्या म्हाताऱ्यांनी टोप्या काढल्या. अंगाखांद्यावर माश्या चालत होत्या, बाईंचा हात जरासुद्धा हलला नाही. त्या क्षणी सगळ्या लिप्येला त्यांच्याबद्दल एवढा आदर वाटला की काय सांगू. धप्पकन मोहोळ टोपलीत पडलं.

"जमलं!" बाई ओरडल्या, आणि एक माशी खालच्या ओठाला डसली.

डॉक्टर धावत बाहेर आल्या. त्यांनी काटा काढला, बर्फ दिला. ओठ भोपळ्यासारखा फुगला होता. बाईंनी आपल्या तळहातावर निपचित पडलेल्या माशीकडे पाहिलं आणि कसंबसं आमच्या भाषेत विचारलं, "वारली का ती?"

आमच्याकडे गुरंढोरं मरतात, मधमाशी मात्र माणसासारखी वारते. हे आमच्या शेजाऱ्यांना ठाऊक असेल, असं कुणाला वाटलं नव्हतं. काकांनी नुसती मान डोलावली. शिडीवरून उतरताना त्यांना डोळे पुसावे लागले.

ओठामुळे चौदा पानांचं दुसरं भाषण रद्द झालं. करारावर दवाखान्याच्या पायरीवरच, दोन मिनिटांत सह्या झाल्या. मोहोळ मुरडॉर्फला राहिलं.

पहिल्या मंगळवारी काका गुडघा आणि नेझकाला घेऊन लिप्येच्या दवाखान्यात गेले, तर सगळ्या खुर्च्यांवर मुरडॉर्फची माणसं.

"तुम्ही इकडे कशाला?" नेझका थक्क झाली.

"तिकडे डॉक्टरीणबाईंना मान वर करायला फुरसत नसते," पहिल्या खुर्चीवरून हेडविगबाई म्हणाल्या. ओठ पूर्ववत झाला होता. "इकडे त्या निवांत ऐकून घेतात म्हणे." काकांना पाहताच त्या उठल्या. "बसा तुम्ही. माझा नंबर घ्या. गुडघा ना? गुडघ्याचं असं असतं..."

गुडघ्यावरून त्या आजीच्या गुडघ्यावर गेल्या, तिथून आल्प्सवर, तिथून मोहोळाच्या तब्येतीवर. आतून डॉक्टरांनी हाक मारली, "बोल्फेंककाका, या!"

काकांनी दाराकडे बघून हात वर केला.

"दुसऱ्या कुणाला तरी घ्या, डॉक्टर," ते म्हणाले. "बाईंचं अजून व्हायचंय."