आबांची गोळी

आबांच्या कानातल्या यंत्राचा नवा सेल टेबलावरून गायब झाला आणि चिमीच्या तोंडातून लाळ गळत होती. मेडिकलवाल्याला एवढा पुरावा पुरेसा होता. मुलांनी काही गिळलं तर ते कसं ओळखायचं, यावर तो दुकानात येणाऱ्या प्रत्येक आईला उभ्या उभ्या व्याख्यान झोडायचा. आणि आता त्याचीच पोरगी!

"लाळ, खोकला, खायला नको! सगळं जुळतंय!"

"अहो, दात येतायत तिला," बायको म्हणाली. "आणि आबांची गोळी अजून इथे—"

"गोळीचं काय घेऊन बसलीस? सेल घशात अडकला तर आतून भाजतं! चल!"

चिमीने आबांकडे बोट केलं. "आबा आम्!"

"ऐकलंस? आबांचा सेल आम् केला म्हणते. कबूल करतेय पोरगी!"

आबांना एकटं ठेवायची सोय नव्हती, म्हणून त्यांनाही गाडीत कोंबलं. सेलविना त्यांना काडीचंही ऐकू येत नव्हतं. ते आपले वाटभर खुशीत खिडकीबाहेर बघत होते.

दवाखान्यात त्याने रांग मोडली आणि सगळ्यांदेखत बायकोला फैलावर घेतलं. "घरात असून लक्ष कुठे असतं तुझं?" बायकोचे डोळे भरून आले. बाकावरच्या बायका तिच्याकडे बघू लागल्या.

चिमीचा एक्स-रे अगदी स्वच्छ निघाला.

तो हुश्श करतोय तोवर आबा घसा चोळत म्हणाले, "आजची गोळी भलतीच गुळगुळीत होती रे. अजून टोचतेय."

डॉक्टरीणबाईंनी मान वर केली. "गोळी कोणी दिली यांना?"

बायकोने नवऱ्याकडे बघितलं. फोनवर बोलता बोलता, न बघता, आबांच्या तळहातावर आपण काय ठेवलं ते त्याला आत्ता आठवलं. तोंड कुठे लपवावं ते कळेना.

आबांच्या एक्स-रेत सेल पोटात छान गोल दिसत होता.

"घशातून उतरलाय, नशीब," बाई म्हणाल्या. "पण आज इथेच ठेवू. काय झालंय ते त्यांना समजावून सांगा."

तो आबांच्या कानाशी वाकला. "आबा, माझ्याकडून चूक झाली."

"काय?"

"चूक झाली!"

"मोठ्याने बोल की!"

अख्खा बाक कान टवकारून बसला होता. लाजेने लालबुंद होत तो ओरडला, "मी तुम्हाला गोळी म्हणून सेल खायला घातला!"

"आबा आम्!" चिमी टाळ्या पिटत म्हणाली.

आबांनी कानामागे हात धरला. "परत सांग. आणि सूनबाईलाही बोलाव, तिला नीट सांगता येतं."