लाल चिंधीची झाडं

खिळ्याला टांगलेलं जुनं लाल लुगडं. दर आठवड्याला थोडं आखूड होणारं.

बोटाच्या पेराएवढी भेंडी.

बियांची काचेची बाटली, जी भरलेली असायला हवी होती आणि अर्धीच होती. मुंग्यांनी नेलं असणार.

जैनाबादहून व्याह्यांचा निरोप: रविवारी येतो, भरीत तुमच्याच बागेतलं पाहिजे हां.

कागद गिरणीत रीळ नापास झालं, की त्याला लाल चिठ्ठी लागते.

या पाच गोष्टींचा एकमेकींशी काय संबंध, हे आत्मारामरावांना रविवारी सकाळी नऊपर्यंत माहीत नव्हतं. नऊनंतर बरंचसं कळलं, पण तोवर भरीत गेलं होतं.

गिरणीतून निवृत्त होऊन ते राजपुऱ्यात राहायला आले, तेव्हा घरामागची रिकामी जागा बघून कमरेवर हात ठेवून म्हणाले होते, "बाग म्हणजे काय, गिरणीच की. माल घालायचा, माल काढायचा. शिस्त पाहिजे फक्त. दोन वर्षांत अख्खा राजपुरा बघायला येईल."

"येतोच आहे," भागीरथीबाई म्हणाल्या. "काल लुंगीवर फावडं घेऊन उभे होतात, तेव्हा समोरच्या गच्चीवर सात जण होते."

चौतीस वर्षं तपासणी विभागात काढलेला माणूस तो. त्याने बागेलाही तपासणी लावली. दर सोमवारी फेरी. खुरटं, वाकडं, किडकं रोप दिसलं, की लुगड्याची एक चिंधी फाडून त्याला बांधायची. शनिवारी चिंधीवालं झाड उपटायचं, कोयत्याने तुकडे करायचे आणि शेणाच्या खड्ड्यात ढकलायचे. गिरणीत लाल चिठ्ठीचं रीळ असंच थेट लगद्याच्या टाकीत जायचं. चिठ्ठी कोणी लावली, का लावली, हे विचारायची पद्धत नव्हती. जो विचारी त्याच्यावरच साहेबाचा डोळा राही.

सोमवारी तीन बांधल्या की शनिवारी तीन सापडत. हिशेब चोख. तरी बाग बिघडत चालली.

पहिल्या वर्षी भेंडी वीतभर होती. दुसऱ्या वर्षी पेराएवढी झाली. टोमॅटो बोराशी बरोबरी करू लागले. वेलावरचे गिलके जन्मतःच म्हातारे दिसत. आत्मारामरावांनी वहीत कारणं लिहिली: तापीचं पाणी. माती. शेजारच्यांची नजर. नजर खोडून पुन्हा माती. त्याखाली, 'शिस्त वाढवणे.' त्यांनी शिस्त वाढवली. बाग आणखी बिघडली.

त्यात घूस निघाली. म्हणजे दिसली कोणालाच नाही, पण भागीरथीबाई शनिवारी शनवाऱ्याच्या बाजारातून भाजी घेऊन परत येत आणि मागच्या दारातून ओरडत, "अहो, नेलं बघा मेलीनं. चांगलं कमरेएवढं झाड. मुळासकट."

"कोणतं?"

"आता गेल्यावर काय दाखवू?"

आत्मारामरावांनी एक पिंजरा आणला. मग दुसरा. तिसऱ्यात शेजारच्यांचं मांजर सापडलं आणि दोन घरांतलं बोलणं महिनाभर बंद होतं.

भागीरथीबाईंना सगळ्यात भीती वांग्याची होती. भरिताचं हिरवं वांगं, अंगावर पांढऱ्या रेघा. लग्नात रावेरहून आईने पदराच्या गाठीत बांधून दिलेलं बी. गिरणीच्या क्वार्टरमध्ये, दोन हात जागेत, एकतीस वर्षं त्यांनी ते वाण तुटू दिलं नव्हतं. बाटलीतलं शेवटचं बी त्यांनी या वर्षी पेरलं. घुशीच्या तावडीतून एकच झाड वाचलं. त्याला चार वांगी. तीन रविवारच्या भरिताला आणि एक, सगळ्यात देखणं, बियाण्याला. ते झाडावरच पिवळं होऊ दिलं होतं. ते गेलं असतं तर वाणच गेलं असतं.

शनिवारी आत्मारामराव कोयता घेऊन त्या झाडापुढे उभे राहिले. चिंधी होती. आपण हे नापास केल्याचं काही केल्या आठवेना. झाड तर तरतरीत दिसत होतं. पण एक वांगं पिवळं पडलं होतं, हेही खरं. ते मिनिटभर घुटमळले. मग त्यांना साहेबाचा डोळा आठवला.

रविवारी सकाळी भागीरथीबाई टोपली घेऊन मागे गेल्या आणि रिकाम्या आळ्यापाशी उभ्या राहिल्या. या वेळी त्या ओरडल्या नाहीत. त्यामुळेच आत्मारामराव घाबरले.

"माझं वांगं कुठे गेलं?"

"चिंधीवालं? ते नापास होतं. खड्ड्यात टाकलं."

"नापास कसं? चिंधी मी बांधली होती."

"तू कशाला नापास करतेस? ते माझं काम आहे."

"अहो, बियाण्याचं होतं ते. बियाण्याच्या झाडाला चिंधी बांधतात. कोणी चुकून तोडू नये म्हणून. आमच्या रावेरला शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे."

"गिरणीत उलटं असतं."

"इथे कुठे गिरणी आहे?"

मग भागीरथीबाईंनी सावकाश विचारलं, "म्हणजे दर शनिवारी…"

"दर शनिवारी."

"घूस…"

"घूस म्हणजे मीच."

बोलता बोलता आत्मारामरावांना वेगळीच शंका आली. "थांब. तुझी झाडं मी उपटली. मग माझी नापास झाडं कुठे जायची? मोजणीत तर तीनच भरायची."

भागीरथीबाईंनी गच्चीकडे बघितलं. गुडघ्यांमुळे आत्मारामराव दोन वर्षांत गच्चीवर चढले नव्हते. आज चढले. वर तेलाच्या डब्यांतून, फुटक्या बादल्यांतून, जुन्या कुकरातून त्यांची सगळी नापास रोपं उभी होती, चिंध्यांसकट, राख-ताक घालून जगवलेली.

"म्हटलं, यांनी पहिल्यांदाच बियाण्याला झाडं निवडलीत," भागीरथीबाई म्हणाल्या. "निवड जरा अशीच होती, पण शिकलेला माणूस, काहीतरी बघितलं असेल. मग तुम्ही जितकी बांधाल तितकीच मीही बांधायची. माझी मोठी झाडं हलवता येईनात. तुमची डब्यात मावत होती. निदान ती तरी घुशीपासून वाचवू."

"आणि यांचं बी?"

"खाली पेरलं की. पहिल्या वर्षानंतर तेच पेरतेय."

आत्मारामरावांनी कठड्यावरून खाली बघितलं. "म्हणजे ती भेंडी…"

"तुमची."

"गिलके?"

"तेही तुमचेच."

जिन्यावर सून पूनम आली. "आई, मम्मी-पप्पा आ गए. दारात उभे आहेत. भरता कधी टाकायचं?"

भागीरथीबाई रिकामी टोपली घेऊनच खाली उतरल्या.

व्याही गिरधर म्हणजे केळी पिकवणारे शेतकरी. ते सरळ मागे बागेत गेले, भेंडीपाशी उकिडवे बसले आणि बराच वेळ बसून राहिले.

"याहीबुवा, ये कौनसी जात लगाई?"

"सुधारित आहे," आत्मारामराव म्हणाले.

"किसने सुधारी?"

"आम्ही दोघांनी मिळून," भागीरथीबाई म्हणाल्या.

पूनमची आई मालूबाई हातातली पिशवी चाचपत म्हणाल्या, "विहीणबाई, खाली हाताने कसं यायचं, म्हणून मळ्यातलं थोडं आणलंय. राग नका मानू, तुमच्याकडे तर घरचं आहेच." आणि त्यांनी पिशवी ओट्यावर उपडी केली.

वांगी. हिरवी, अंगावर पांढऱ्या रेघा.

भागीरथीबाईंनी एक उचललं. देठाचा काटा बोटाने दाबून बघितला. वास घेतला. "कुठलं बी हे?"

"मला काय माहीत बाई. दोन ओळी आहेत मळ्यात. एखाददुसरं बियाण्याजोगं पिकलंही असेल, पाठवून देईन."

पूनमला एकदम आठवलं की मिरच्या निवडायच्या राहिल्यात. ती आत गेली.

भरीत झालं. गिरधर तीनदा वाढून घेऊन म्हणाले, "कबूल करना पडेगा, तुमच्या घरच्या भरिताला तोड नाही." आत्मारामरावांनी मान डोलावली. ते वांगं कोणाचं, चिंधी कोणाची आणि तारीफ कोणाची, यातलं काहीच त्यांना नीट लागेना.

जेवण झाल्यावर ते मागे गेले. लुगड्याचा वीतभर तुकडा खिळ्याला उरला होता. तो फाडून ते बागेत उभे राहिले, पण कशाला बांधावा ते ठरेना. शेवटी भागीरथीबाई आल्या, त्यांनी तो काढून घेतला आणि कोयत्याच्या मुठीला घट्ट बांधला.

"हे काय? नापास की बियाणं?"

"हात लावायचा नाही."

मागच्या आखाजीला, अक्षय तृतीयेच्या सणाला, पूनम माहेरी गेली, तेव्हा तिने सासूच्या बाटलीतलं अर्धं बी न विचारता रुमालात बांधून नेलं होतं.