गोविंदराव मास्तरांचं चित्रांचं पुस्तक

गोविंदराव मास्तर चित्रांचं पुस्तक उघडण्याआधी त्यातल्या वाघाला बजावायचे, "वाघोबा, लेकरं आलीत. गुरगुरू नका." मग पहिलीच्या वर्गाकडं वळून म्हणायचे, "हात दाखवा." ज्याच्या हाताला माती, त्याची रवानगी रांजणाकडं.

निजामाच्या राज्यातली, सेनगावकडच्या एका खेड्यातली आमची शाळा. मास्तर आम्ही दोघंच. माझी पोरं पाढे घोकायची, तेव्हा पलीकडं त्यांची पोरं आठ-आठ दिवस एकाच चित्रावर. मी चिडायचो, "मास्तर, पान उलटा की!"

"घाई काहून? चित्र कुठं पळून राहिलंय?"

अक्षरं नंतर, आधी लेकराला बघता अन् सांगता आलं पाहिजे, हा त्यांचा हेका.

सगळी सांगायची. सांगत नव्हती एकटी काशी. वर्ष सरत आलं, तरी वर्गात तिच्या तोंडून शब्द नाही.

"घरीबी तसंच," तिची आई म्हणाली. "काढते शाळेतून. शेळ्या तरी राखील."

"मुआयना होऊ द्या, बाई. साहेबाला पट कमी दिसंल," मास्तरांनी गयावया केली.

मुआयन्याला, म्हणजे शाळा तपासायला, साहेब घोड्यावरून आले. पहिलीच्या फळ्यावर चार अक्षरंसुद्धा नाहीत, हे बघून त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. त्यांनी ते पुस्तक उचललं, गाईचं पान काढलं आणि नेमकं काशीपुढं धरलं.

"बोलो बेटा, ये क्या?"

मास्तर उपरण्याला पीळ घालत उभे.

"गाय है ना?"

काशी चित्राकडं बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "बाई दूध काढून राहिली. पण गाईचं ध्यान न्हाई. ती वासराकडं बघून राहिली."

"वासरू? किधर?"

तिनं बोट ठेवलं. झाडाच्या बुंध्यामागं इवलंसं शेपूट होतं. साहेबांनी चष्मा पुसून पुन्हा बघितलं आणि इतके हसले की टोपी सावरावी लागली.

"मास्टर, हम तो देखेच नहीं!"

शेरा उत्तम मिळाला. पण मास्तरांना शेऱ्याचं काय! शाळा सुटताच पुस्तक काखेत मारून, मला ओढत ते काशीच्या घरी गेले.

"बाई, आधी हात धुवा!"

काशीच्या आईनं हसत हात धुतले, पुस्तक मांडीवर घेतलं. काशी एकेक चित्र सांगत गेली. आई पुस्तकाकडं कमी आणि लेकीकडं जास्त बघत होती. शेवटी पदरानं डोळे टिपून म्हणाली, "ऱ्हाऊ द्या शाळेत. अन् जेवल्याबिगर जायचं न्हाई."

गरम भाकर, पिठलं, ठेचा. काशीची धाकटी भावंडं दंगा करत होती. एक तर मास्तरांच्या मांडीवरच चढून बसलं. पहिला घास घेतला आणि मास्तर थांबले.

"काहून मास्तर, तिखट झालं?" काशीच्या आईनं विचारलं.

"न्हाई." मांडीवरच्या लेकराला सावरत ते म्हणाले, "घरी एकटाच असतो ना. असं लेकराबाळांत जेवायची सवय सुटली."

आणि मग घाईघाईनं, "तिखटच हाये जरा."

काशीनं पाण्याचा तांब्या त्यांच्यापुढं सरकवला.

"प्या," ती म्हणाली.