निकुरे गुरुजींचं तारण

आमच्या शाळेत माहिती गोळा करायला कोणी आलं, की निकुरे गुरुजी त्याची एखादी वस्तू ठेवून घ्यायचे. छत्री, टोपी, डबा, मफलर, काहीही चालायचं. आधी चहा, मग शाळा दाखवणं, मुलांशी गप्पा, सगळं रीतसर. पाहुणा निघाला की मात्र गुरुजी दारात उभे राहून अगदी नम्रपणे हात पुढे करायचे. "काहीतरी ठेवून जा. तुमाले काय सापडलं ते सांगाले याल, तवा परत देतो."

एटापल्ली तालुक्यात डांबरी रस्ता संपल्यावर पुढे जंगलात ही शाळा. गुरुजी मुख्याध्यापक, ब्रह्मपुरीकडचे; मी सहायक शिक्षक, राजुऱ्याचा. पाहुण्यांना हा प्रकार गमतीचा वाटे. गुरुजी मात्र त्यात गंमत अजिबात करत नव्हते. एवढी माणसं आली, मुलांना प्रश्न विचारून, उंची मोजून गेली. पण 'तुमच्या शाळेत आम्हाला असं दिसलं' हे सांगायला एकही जण फिरकला नाही. डॉक्टरनं नाडी बघावी आणि आजार न सांगताच घरी जावं, तसं हे आहे असं ते म्हणायचे. शाळेचं लोखंडी कपाट असल्या तारणानं भरलं होतं. त्यात एका साहेबांचा डावा बूटही होता. साहेब गाडीपर्यंत कसे गेले, ते गुरुजींनी मला कधी सांगितलं नाही.

मग मेघना मॅडम आल्या. पुण्याच्या एका संस्थेत संशोधन करायच्या. पहिलीतली मुलं वाचायला मागे का पडतात, हे त्यांना शोधायचं होतं. भर पावसाळा होता, आणि गुरुजींनी नेमका त्यांचा रेनकोट ठेवून घेतला. बाई भिजत गेल्या. आता ही कसली परत येते, असं मी म्हणालो.

पोळा झाला आणि त्या परत आल्या. शिक्षक आणि मुलांच्या आया, सगळ्यांना एकत्र बसवून त्यांनी काय दिसलं ते सांगितलं. वर्गात प्रश्न शिक्षक विचारतात आणि उत्तरही शिक्षकच देतात. मुलं गप्प असतात. पहिलीचा वर्ग माझा होता. मला राग आला. गुरुजींनी आपला नेहमीचा सवाल टाकला, "कशावरून?"

मॅडमनी मोबाइलवर वर्गात टिपलेला आवाज लावला. त्यात मी होतो. "हे काय आहे? पाणी. काय आहे? पाणी." समोर सगळी सामसूम. मग त्यांनी मधल्या सुट्टीतला आवाज लावला. हापशीवर तीच मुलं 'येर, येर', म्हणजे 'पाणी, पाणी' असं ओरडत, आपल्या घरच्या माडिया बोलीत नुसता कालवा करत होती. एक आई पदर तोंडाला लावून हसली आणि म्हणाली, घरी ही माझी पोरगी आम्हाला बोलू देत नाही.

गुरुजी उठले. कपाटातून रेनकोट काढला, झटकला, नीट घडी करून मॅडमच्या हातात दिला. म्हणाले, "बाई, तुमी परत आल्या. आता आपण मिळून पाहू, करायचं काय ते."

ठरलं असं, की गावातल्याच बारावी झालेल्या सुनंदा आत्रामनं पहिलीच्या वर्गात माझ्याबरोबर बसायचं. सकाळची गोष्ट, गाणी, गप्पा माडियात. तिथून हळूहळू मराठीकडे यायचं. शेजारच्या गावातली शाळा वर्षभर पूर्वीसारखीच चालेल, म्हणजे फरक पडला की नाही ते कळेल, असं मॅडमनी समजावलं. पुढच्या वर्षी त्यांनाही सुनंदासारखी ताई द्यायची, या अटीवर गुरुजींनी होकार दिला.

पण ही तुलनेची कल्पना त्यांच्या डोक्यात अशी शिरली, की आमचं जगणं कठीण झालं. आम्हाला चहा दोन कपांत येऊ लागला, एक आल्याचा, एक बिनआल्याचा. कोणता कोणता ते सांगायचे नाहीत. आठवडाभर त्यांनी डाव्या गालाला एक साबण लावला, उजव्याला दुसरा, आणि रोज सकाळी गाल पुढे करून मला विचारत. छान दिसतंय म्हटलं की चिडायचे. "मत नोका सांगू. फरक सांगा."

मॅडमशी त्यांची भांडणंही झाली. चाचणीच्या चित्रात रस्त्यावरचा सिग्नल होता. हा दिवा आमच्या पोरांनी कुठे बघावा, असं म्हणून गुरुजींनी ते पान परत केलं. सिग्नल गेला, मोहाचं झाड आलं. मॅडमही काही कमी नव्हत्या. चाचणी चालू असताना गुरुजी मुलांच्या कानात उत्तरं सांगायचे, म्हणून त्यांनी गुरुजींना वर्गाबाहेर काढलं. ते खिडकीतून हातवारे करू लागले. शेवटी चाचणी होईपर्यंत त्यांना हापशीवर पाठवण्यात आलं. मुख्याध्यापक तिथे बादल्या भरत बसले.

दिवाळीपर्यंत माझ्या वर्गात इतका गोंगाट होऊ लागला, की शेजारचे तिसरीचे गुरुजी तक्रार घेऊन आले. उन्हाळा लागला तेव्हा पहिलीतली मुलं फळ्यावरची मराठी गोष्ट वाचत होती, आणि वाचताना मध्येच थांबून सुनंदाशी वाद घालत होती. शेजारच्या शाळेतली मुलं अजून अक्षरांतच अडकली होती. हा फरक सांगायला कोणाच्या मताची गरज नव्हती.

हे सगळं बंद करायचं की तालुकाभर न्यायचं, ते गडचिरोलीला शिक्षणाधिकारी साहेबांपुढच्या बैठकीत ठरणार होतं. मॅडमनी आकडे मांडले. मग गुरुजी उभे राहिले आणि त्यांनी सुरुवातच अशी केली, की गणितात काही फरक पडला नाही. मी डोक्याला हात लावला. मॅडमच्या चेहऱ्यावर मात्र हसू होतं. गुरुजी पुढे म्हणाले, "जे नाई जमलं ते आधी सांगतलं साहेब, म्हणजे जे जमलं त्यावर तुमचा भरोसा बसंल. पोरं बोलून राह्यले. वाचून राह्यले. येऊन पाहा."

साहेब खरोखरच आले. पहिलीच्या वर्गात तासभर बसले, आणि निघताना म्हणाले, येत्या जूनपासून तालुक्यातल्या सगळ्या शाळांत अशी ताई देऊ. गुरुजी दारात उभे होतेच. त्यांनी हात पुढे केला. साहेबांनी हसत खिशातलं पेन काढून दिलं. जूनच्या आत आदेश निघाला. गुरुजींनी पेन स्वतः नेऊन दिलं. त्या दिवशी गावात ढोल वाजला, सुनंदाला लोकांनी खांद्यावर घेतलं, आणि मेघना मॅडम आयांच्या रांगेत नाचल्या.

त्याच महिन्यात गुरुजी निवृत्त झाले. ब्रह्मपुरीला त्यांचं घर होतं. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती आणि मुलगी हैदराबादला. आम्ही निरोपाचा हार आणला, त्यांनी तो घालून घेतला, आणि ते गेलेच नाहीत. शाळा उघडली तेव्हा पहिलीच्या वर्गात सगळ्यात मागे, जमिनीवर मांडी घालून ते बसले होते. सुनंदा एक माडिया शब्द सांगायची, ते चुकीचा म्हणायचे, पोरं लोळून हसायची.

मी सुट्टीत विचारलं, गुरुजी, हे आता कशाला?

ते म्हणाले, "सांजी गोटुलापुढं मानसं बसतात. बोलतात, हासतात. मी रोज त्यायच्यात बसतो. इतके वर्ष झाले, सगळे हासले की मीबी हासतो. समजत काईच नाई."

दिवाळीनंतर एकदा संध्याकाळी मी गोटुलावरून, गावाच्या त्या बैठकीच्या घरावरून, चाललो होतो. एका म्हातारीनं काहीतरी सांगितलं आणि सगळे हसले. गुरुजी हसले नाहीत. शेजारच्या म्हाताऱ्याकडे वळून त्यांनी माडियात अडखळत काही विचारलं, त्यानं ते हळूहळू परत सांगितलं. आणि मग, बाकीच्यांचं हसून झाल्यावर, गुरुजी एकटेच पोट धरून हसत राहिले.