समुद्र, मार्गे बाभुळगाव

उकंडानं एसटीतली सगळी नोकरी यवतमाळ-वणी याच रस्त्यावर काढली होती आणि निवृत्त झाल्यावर स्टिअरिंगला हात लावणार नाही अशी शपथ घेतली होती. ती मोडली बायकोच्या, पंचफुलाच्या, डोळ्यांपायी. काचबिंदू आहे, गेलेली नजर परत येत नाही, उरलेली किती टिकेल सांगता येत नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा पंचफुला रडली नाही. दवाखान्याची पायरी उतरताना एवढंच म्हणाली, "उजेड हाय तवर एक बार समुद्र दाखवा मले. मंग होऊ द्या अंधार."

रेल्वेतली गर्दी आणि तिथला संडास तिला झेपला नसता. तेव्हा उकंडाला रहमत मिस्त्री आठवला. रहमतनं एका जुन्या ट्रॅव्हलर गाडीत पलंग, गॅस, बेसिन आणि संडास बसवून ती भाड्यानं द्यायला काढली होती. तिला वर्षभरात एकही गिऱ्हाईक मिळालं नव्हतं.

"उकंडाभाऊ, ये गाडी नहीं, घर है घर," रहमत म्हणाला. "फक्त सातबारा नाई याचा."

आठवडाभरासाठी गाडी ठरली. तांदूळ, डाळ, तिखट, घरातला मिठाचा डबा, सगळं गाडीत चढलं. शेजारच्या लालीबाईनं धुतलेली रिकामी बाटली आणून दिली. "समुद्राचं पानी आनजा वो. गुडघ्यायले लावीन."

समृद्धी महामार्गाला लागायचं तर बाभुळगाववरून जायचं, आणि बाभुळगावात उकंडाची थोरली बहीण मथुराबाई राहते. बहिणीच्या दारावरून न थांबता पुढं जाणारा भाऊ आमच्याकडं अजून जन्माला यायचा आहे. उकंडा थांबला. तेवढ्यावर निभावलं असतं, पण सकाळी सकाळी नणंदेला त्रास नको म्हणून पंचफुलानं गाडीतच चहा ठेवला.

"माह्या घरची चूल इझली काय?" मथुराबाई दारातून ओरडली. "माह्या दारात येऊन गाडीत चहा! सारी गल्ली पाहून राह्यली!"

"बाई, गाडीतच सगळं हाय म्हनून..." उकंडा म्हणाला.

"सगळं म्हंजे? संडास बी?"

उकंडानं होकारार्थी मान हलवली. ती हलवायला नको होती.

"म्हंजे आमचा संडास बी चालत नाई तुमाले!"

मथुराबाईनं पदर तोंडाला लावला. रुसलेल्या बहिणीला तसंच टाकून समुद्र बघायला कोण जाणार? ते जेवायला थांबले. जेवणाचा मुक्काम झाला. पाहुण्यांनी गाडीत झोपणं म्हणजे घराची बेअब्रू, म्हणून पाहुणे घरात झोपले आणि घरची नातवंडं गाडीत, रात्रभर पंखा आणि दिवे लावून. सकाळी बॅटरी मेली होती.

रहमत मेहुण्याच्या लग्नाला वणीला गेला होता. "वलीमा होने दो, फिर आता," तो फोनवर म्हणाला. वलीम्याची, म्हणजे लग्नानंतरची, मेजवानी उरकेपर्यंत उकंडाला गल्लीतल्या घराघरात चहा प्यावा लागला, कारण एकाकडं घेतला आणि दुसऱ्याकडं नाही घेतला की तिथंही रुसवा. पंचफुला ओसरीवर बसून होती. रोज उठल्यावर हात डोळ्यांपुढं धरून बोटं दिसतात का ते पाहायची तिची सवय होती. एका सकाळी तिनं हात उचललाच नाही.

रहमत अखेर आला, त्यानं धक्का मारून गाडी सुरू केली आणि उकंडाला बाजूला घेऊन म्हणाला, "दूर मत ले जाव. रस्त्यात बंद पडली तं भाभीले घेऊन कुठं बसान? अन् परवा दुसरं गिऱ्हाईक हाय, बड़ी मुश्किल से मिला."

उकंडा गाडीत चढला. मागून पंचफुलानं विचारलं, "आता तं समुद्रच ना?"

"समुद्रच," उकंडा म्हणाला.

आणि त्यानं दिवसभर धामणगाव आणि बाभुळगाव यांच्यामधलेच रस्ते तुडवले. गाव आलं की एसटीतल्या कंडक्टरसारखा ओरडायचा, फक्त नाव दुसरंच घ्यायचा.

"आलं शिर्डी!"

"शिर्डीले बी सरकीचा वास येते काय?"

"येते. आता सगळीकडंच येते."

"अन् हा खड्डा? हा तं सकाळी बी लागलता."

"महामार्ग हाय. खड्डे एकाच मापाचे ठेवते."



ऊन कलताना त्यानं बाभुळगावजवळच्याच बेंबळा धरणाच्या पाण्याशी गाडी लावली. वारा सुटला होता, काठाच्या दगडांवर पाणी आपटत होतं. त्यानं तिचा हात धरून तिला घोट्याएवढ्या पाण्यात उभं केलं. तिनं उन्हाकडं तोंड केलं.

"चमकून राह्यलं," ती म्हणाली. "किती मोठा हाय वो?"

"पल्याडचं काईच दिसत नाई."

दिवसभरात तो एवढं एकच खरं बोलला, कारण त्याचे स्वतःचे डोळे भरून आले होते. तिचं पाहून होईपर्यंत तो तोंड फिरवून उभा राहिला. मग बाटली भरली, पाणी जिभेला लावून पाहिलं आणि झाकण घट्ट बसवलं.

गाडी रहमतच्या हवाली करून दोघं घरी येतात न येतात तोच लालीबाई हजर. "आनलं?"

"आनलं," पंचफुला म्हणाली आणि पिशवीतून बाटली काढून दिली.

लालीबाईनं गुडघ्याला लावायच्या आधी पाणी तळहातावर ओतलं आणि जीभ लावली. चप्पल घालून बाहेर सटकावं असं उकंडाला वाटलं, पण चप्पल सापडेना.

"थू! थू!" लालीबाई अंगणात जाऊन थुंकली. "केवढं खारट हाय वो माय! समुद्र तो समुद्रच!"

उकंडा बाटलीकडं बघत राहिला. मग पंचफुलाकडं. ती भिंतीचा अंदाज घेत चुलीकडं निघाली होती.

"मंग?" ती म्हणाली. "समुद्राचं पानी खारंच रायते."

संध्याकाळी वरण अगदी अळणी झालं होतं. मिठाचा डबा ओट्यावर उघडा होता आणि आत चिमूटभरही मीठ नव्हतं. उकंडानं आणखी एकदा वरण वाढून घेतलं.