नमुना, तीन प्रतींत

"निळ्या शाईने?" असं म्हणून हेडक्लार्कनी काकूंच्या हातातला कागद काढून घेतला आणि उभा फाडला.

"अहो! तासभर बसून भरला होता मी!"

"निळा चालत नाही. आण इकडे, तुझाही मीच करतो."

नोकरी सुटून सोळा वर्षं झाली होती, तरी गल्लीतली माणसं त्यांना अजून हेडक्लार्कच म्हणायची, आणि त्यांच्या बायकोला काकू. छत्तीस वर्षं एकाच खिडकीमागे बसून त्यांनी लोकांचे कागद तपासले होते. समोर उभा राहिलेला माणूस त्यांना कधी आठवत नसे, पण त्याने कुठल्या रकान्यात खाडाखोड केली होती ते वीस वर्षांनीही आठवे. त्या दुपारी जेवणाच्या टेबलावर पसरलेला कागद नदीपलीकडच्या प्रशासनाचा होता. माथ्यावर ठळक अक्षरांत छापलं होतं : 'नमुना ब. बाहेरून येणाऱ्या प्रवाशांसाठी.'

ते साथीचं पहिलं वर्ष. आता आठवलं तरी आपणच ते काढलं यावर विश्वास बसत नाही. माणसं साबणाने भाजी धूत होती, वर्तमानपत्र उन्हात वाळवून मग वाचत होती आणि शेजारी शिंकला की खिडकी लावून घेत होती. जो तो प्रदेश आपापले नियम करी आणि दर सोमवारी बदली. नदीपलीकडचा नियम त्या आठवड्यात असा होता की पूल ओलांडला की तपासणी, निकाल येईपर्यंत पुलाजवळच्या शाळेत बसायचं, निकाल चांगला आला तर आत, आणि काही गडबड निघाली तर त्याच शाळेत सात दिवस मुक्काम. तपासणी म्हणजे कपाळाला पिस्तुलासारखं यंत्र लावतात तेवढीच, अशी हेडक्लार्कची समजूत होती. बातम्या ऐकून जीव घाबरतो म्हणून टीव्ही त्यांनी महिन्यापूर्वीच बंद करून टाकला होता.

एवढा आटापिटा आक्कासाठी होता. आक्का म्हणजे नदीपलीकडे राहणारी त्यांची थोरली बहीण, चौऱ्याऐंशी वर्षांची. आई गेली तेव्हा हे पाच वर्षांचे आणि ती पंधराची. तिनेच यांना न्हाऊमाखू घातलं, पाटीवर अक्षरं गिरवून घेतली. आता तिचा मुलगा तिला कायमचं समुद्रापार न्यायला आला होता. परवा पहाटेचं खास विमान होतं, आणि पुढचं कधी सुटेल ते कुणालाच ठाऊक नव्हतं.

"जाते बाबा," आक्का फोनवर म्हणाली होती. "तिकडे म्हणे वर्षाचे आठ महिने खिडकीच उघडत नाहीत." मग हळूच म्हणाली, "तू एकदा येऊन जा रे, बाळ."

हेडक्लार्कनी फोन ठेवला, चष्मा पुसला, परत पुसला, आणि काळं पेन शोधायला उठले.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला दोघं पूल चालत ओलांडून पलीकडे पोचली. टॅक्सीवाल्याने अलीकडेच उतरवलं होतं. पलीकडच्या टोकाला रस्त्यावर आडवी पांढरी रेघ मारलेली होती. तिच्या अलीकडे एक टेबल, एक तंबू, आणि आवारात शाळेची बैठी इमारत. हेडक्लार्कनी टेबलावरच्या पेटीत कागद टाकले. पेटीत कागद पडल्याचा आवाज त्यांना फार वर्षांनी ऐकायला मिळाला. गाणं ऐकावं तसा त्यांनी तो ऐकला.

"अहो," काकू कुजबुजल्या, "त्या तंबूत लोकांच्या नाकात काड्या घालतायत."

"ज्यांचे कागद अपुरे असतात, त्यांना."

"म्हणून नाकात काडी?"

"शिस्त लावायला नको का?"

एवढ्यात नर्सबाई वही घेऊन रांगेतून फिरत आल्या. तोंडावर मुखपट्टी, तिच्यावर प्लास्टिकची काच आणि काचेवर वाफ धरलेली. "नमुना दिला?" त्यांनी विचारलं.

"दिला. दोघांचाही," हेडक्लार्क अभिमानाने म्हणाले.

नर्सबाईंनी दोन नावांपुढे दोन खुणा केल्या. "दुसरीच्या वर्गात बसा. तीनला निकाल."

दुसरीच्या वर्गातले बाक दुसरीतल्या पोरांच्या मापाचे होते. काकू एका बाकावर तिरप्या बसल्या. हेडक्लार्क बसले ते गुडघे हनुवटीला लावून. तीन वाजता निकाल आले. एकेक नाव पुकारलं जाई, एकेक माणूस पिशवी उचलून पळत सुटे. साडेतीनला वर्गात दोघंच उरली.

"तुमच्या कागदात काहीतरी चुकलं असणार," काकू म्हणाल्या.

लग्नाच्या पंचेचाळीस वर्षांत एवढं लागेल असं त्या काही बोलल्या नव्हत्या. हेडक्लार्क ताडकन उठले. उठताना बाकही बरोबर उठला.

शाळेच्या कचेरीत एक तरुण डॉक्टर बसला होता. त्याने वही पाहिली, प्रयोगशाळेला फोन लावला आणि कपाळाला आठ्या घालून विचारलं, "आजोबा, ते म्हणतात तुमच्या दोघांचा नमुना पोचलाच नाही. सकाळी कुणी घेतला?"

"घेतला कुणी नाही. मीच दिला."

"तुम्ही? स्वतः काढलात?"

"इथे गर्दीत कुठे काढणार? काल घरीच करून ठेवला."

डॉक्टरने हातातलं पेन खाली ठेवलं. "कालचा? आणि आणलात कशातून?"

"पाकिटातून. घडी घालून."

"घडी!"

"तिघडी. चौघडी घातली की मधे फाटतो."

डॉक्टर खुर्चीसकट वीतभर मागे सरकला. नर्सबाई दारातच थबकल्या.

"आजोबा, मला नीट सांगा. हा जो नमुना होता, त्याचा रंग कसा होता?"

"काळा."

"काळा?"

"काळाच. आज छत्तीस वर्षं."

"छत्तीस... आणि आजींचा?"

"माझा चांगला निळा झाला होता," काकूंचा राग अजून ओला होता. "यांनी फाडला. मग माझाही यांनीच काढला. काळा."

"निळा पूर्वी चालायचा," हेडक्लार्कनी समजावलं. "आमचे एक साहेब होते, त्यांचा हिरवा असायचा. पण साहेबांचं कोण बोलणार?"

नर्सबाईंनी भिंतीचा आधार घेतला. डॉक्टरच्या तोंडून मोठ्या कष्टाने शब्द फुटले, "एकच दिला होतात ना?"

"एकच कसा? तीन. दोन तुमच्या पेटीत टाकले, एक माझ्याजवळ आहे." त्यांनी सदऱ्याचा खिसा थोपटला. "दाखवू?"

"नको!" डॉक्टर ओरडला. "हात लावू नका! कुणीही हलू नका!"

पुढच्या दहा मिनिटांत शाळेचं फाटक बंद झालं. आवाराभोवती दोरी लागली. नखशिखांत पांढऱ्या पोशाखातली तीन माणसं पाठीवर फवारे बांधून आली आणि त्यांनी सकाळची पेटी लांब काठीने ढकलत मैदानाच्या मध्यावर नेली. हेडक्लार्कना दोन्ही हात वर करून उभं केलं. काकूंना त्यांच्यापासून सहा हात दूर उभं केलं, त्याबद्दल मात्र काकूंची तक्रार नव्हती.

"अहो, कागद निळा होता तेव्हा बरं होतं," त्या तेवढ्यातही म्हणाल्या.

डॉक्टरने वहीतला नातेवाइकाचा नंबर फिरवला. फोन आक्काच्या मुलाने उचलला. तो पेट्यांच्या ढिगाऱ्यात उभा होता आणि आवाज तुटत होता. डॉक्टर म्हणाला, "तुमच्या मामांचा नमुना काळा आहे, मामींचा आधी निळा होता." मुलाला ऐकू आलं ते मामा काळे आणि मामी निळी. त्याने ते आईला सांगितलं. आक्काला एका कानाने कमी ऐकू येई. मुलगा नेमका त्या कानाच्या बाजूला उभा होता.

"काळानिळा पडलाय?" ती उठून उभी राहिली. "माझा बाळ काळानिळा पडलाय?"

"आई, पहाटे निघायचंय आपल्याला! तुला कुठे..."

"गाडी काढ."

इकडे पांढऱ्या पोशाखातल्या एकाने चिमटा पुढे केला आणि श्वास रोखून हेडक्लार्कच्या खिशातून ती वस्तू बाहेर ओढली.

"चुरगाळू नका! माझी कार्यालयीन प्रत आहे ती!"

चिमट्याला कागद लटकत होता. वाऱ्याने त्याची तिघडी उलगडली. नर्सबाईंनी काच वर केली, पुढे वाकल्या आणि मोठ्याने वाचलं, "नमुना ब."

फवाऱ्यातून टपटप गळणारं औषध तेवढं ऐकू येत होतं.

"हा फॉर्म आहे," डॉक्टर शेवटी म्हणाला.

"फॉर्म इंग्रजी झालं. याला नमुना म्हणतात."

"आजोबा, नमुना म्हणजे नाकातला! काडीने काढतात तो!"

हेडक्लार्कचे वर केलेले हात तसेच राहिले. त्यांना एवढा धक्का निवृत्तीच्या दिवशीही बसला नव्हता. "नाकातला?" त्यांनी हळूच विचारलं. "त्याला नमुना म्हणतात? कधीपासून?"

उत्तरादाखल नर्सबाईंनी दोन काड्या आणल्या. हेडक्लार्कच्या नाकात काडी गेली तेव्हा त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. काकू शिंकल्या आणि तिन्ही पांढरे पोशाख एकदम मागे हटले.

"झालं ना? आता निकाल किती वाजता?" हेडक्लार्कनी डोळे पुसत विचारलं.

डॉक्टरने मनगटाकडे पाहिलं आणि मग दुसरीकडे पाहिलं. "प्रयोगशाळेची गाडी चारला जाते. सव्वाचार झालेत. आता उद्या सकाळी नऊला."

"उद्या नऊला ती आभाळात असेल हो."

"मला काही करता येत नाही, आजोबा."

हे वाक्य हेडक्लार्कनी छत्तीस वर्षांत किती लोकांना ऐकवलं असेल, त्याची गणती नव्हती. काचेच्या बाहेरून ते कसं लागतं, हे त्यांना त्या दिवशी कळलं. ते शाळेच्या पायरीवर जाऊन बसले. काकू जवळ येऊन बसल्या आणि काही म्हणजे काही बोलल्या नाहीत. तेच त्यांना सगळ्यात जास्त लागलं.

पाचच्या सुमारास गावाकडून एक गाडी आली आणि फाटकाबाहेर थांबली. आधी मुलगा उतरला, मग त्याचा हात झिडकारत आक्का.

फाटक आता उघडं होतं. त्याच्या आत, पायरीपासून आठ-दहा पावलांवर, दुसरी पांढरी रेघ होती. आक्का तिथवर आली आणि थांबली. भाऊ उठून उभा राहिला. सहा वर्षांनी दोघं एकमेकांना बघत होती, तीही अर्धे चेहरे झाकून.

"काय रे, कुठे काळानिळा पडलायस? मला तर पांढराफटक दिसतोयस."

"आक्का, नमुना चुकला गं."

"सांगितलं मला याने वाटेत. अरे, चौथीपर्यंत मी तुला शिकवलं. शब्दाला दोन अर्थ असतात हे मी नव्हतं सांगितलं?"

"सांगितलं असशील."

"मग?"

"मी एकच घेऊन बसलो."

आक्का हसली. मग तिचं हसू थांबलं. मुलाने घड्याळ पाहिलं. "आई, बघितलंस ना? मामा बरे आहेत. चल आता, अजून दोन पेट्या बांधायच्यात."

"चलते रे." ती हलली नाही. तिने डॉक्टरला बोटाने जवळ बोलावलं. "बाळा, ही रेघ कसली?"

"आजी, रेघेच्या आत निकाल न लागलेली माणसं आहेत. तुम्ही बाहेरच थांबा."

"थांबलेच आहे. नियम विचारून ठेवावा म्हटलं. आत कुणी गेलं तर?"

"नुसतं गेलं तर तपासणी."

"आणि यांना कुणी शिवलं तर?"

"मग सात दिवस इथेच. निकाल काही येवो."

"शिवलं म्हणजे? नुसतं बोट लागलं तरी?"

"नुसतं बोट लागलं तरी."

"वय झालेल्यांना काही सूट?"

"कुणालाच नाही, आजी. वय झालेल्यांना तर मुळीच नाही."

"कडक आहे हो," आक्का म्हणाली. आवाजात कौतुक होतं.

आणि तिने पाय उचलला. मुलगा "आई!" म्हणेपर्यंत ती रेघेच्या आत होती. डॉक्टर "आजी!" म्हणेपर्यंत पायरीपाशी पोचली होती. आणि नर्सबाई धावत येईपर्यंत तिने चौऱ्याहत्तर वर्षांच्या हेडक्लार्कचा उजवा कान धरून असा पिळला, की ते सगळ्यांदेखत कळवळले.

"हा बाळबोधपणाचा," ती म्हणाली, आणि कान सोडला नाही.

मुलाच्या तोंडावरची मुखपट्टी घसरून हनुवटीवर आली होती. "आई, हे काय केलंस तू? विमान! परत कधी मिळेल याचा पत्ता नाही! मला तर जावंच लागेल!"

"तू जा की. तुला कुणी अडवलंय? मला बाबा, यांनी अडवलंय."

"अगं पण तुझ्या पेट्या..."

"उघडून ठेव घरी."

नर्सबाईंनी वही उघडली आणि एक नवी ओळ आखली. मुलगा फाटकाचे गज धरून कितीतरी वेळ उभा राहिला. एकदा रागाने आईकडे बघे, एकदा आकाशाकडे.

काकूंनी आक्काच्या कानाशी लागून, चांगल्या कानाशी, हळूच विचारलं, "वन्सं, चुकून झालं ना?"

"चुकूनच गं," आक्का म्हणाली. "या वयात पाय कुठे पडतो, ते कळतं का कुणाला?"

आणि पदर सावरून, कुणाचाही हात न धरता, एकेक पायरी नीट बघत ती वर चढली आणि दुसरीच्या वर्गातल्या खिडक्या उघडायला लागली.