झडप फिरवण्याचा ठराव

आमच्या इमारतीत चाळीस घरं आहेत आणि सगळ्यांना मिळून एकच यंत्र. ते हिवाळ्यात घरं तापवतं, उन्हाळ्यात गार करतं. गच्चीवरच्या खोलीतली एक झडप फिरवली की झालं. मात्र सर्वसाधारण सभेच्या ठरावाशिवाय ती फिरवायची नाही, असा नियम आहे. सहा वर्षं मी इथला सचिव आहे आणि नियमाला कधी धक्का लागू दिलेला नाही.

यंदा उन्हाळा तीन आठवडे आधीच आला. तो येत असल्याची लेखी सूचना कार्यालयाला प्राप्त झाली नव्हती. त्यामुळे बाहेर बेचाळीस अंश आणि घराघरांत हिटिंग, अशी परिस्थिती उद्भवली.

सातव्या मजल्यावरच्या सूनबाई माझ्याकडे आल्या. त्यांचे सासरे दम्याने आजारी.

"काका, बाबांना श्वास घेता येत नाहीये. खिडकी उघडली तर आणखी झळा येतात. झडप तेवढी फिरवायला सांगा ना."

"सभा बोलावली आहे."

"मेकॅनिक म्हणतो, दोन मिनिटांचं काम आहे."

"फिरवायला दोनच मिनिटं लागतात, बाई. वेळ लागतो तो ठरवायला."

गणपूर्तीला सत्तावीस माणसं लागतात. आली नऊ. सभागृहही त्याच यंत्रावर असल्याने तीही घामाघूम होऊन पळाली. मग अध्यक्षांनी स्वतःच्या अधिकारात, उन्हाळा सुरू झाला आहे किंवा कसे, हे तपासायला उपसमिती नेमली. तिने अहवाल दिला की हिटिंग चालू असताना घरात मोजलेलं तापमान ग्राह्य नाही. ते बंद करून पुन्हा मोजावं. बंद करायला अर्थातच ठराव हवा. बाहेरचं तापमान उपसमितीच्या कार्यकक्षेत येत नव्हतं.

शनिवारी दुपारी बाबा घेरी येऊन पडले. त्यांना पलंगावर निजवून सूनबाई तडक गच्चीवर गेल्या आणि मेकॅनिकच्या हातातला पाना घेऊन त्यांनी झडप फिरवली. अर्ध्या तासात इमारत गार झाली. बाबांना आठवड्यात पहिल्यांदाच झोप लागली. खरं सांगायचं तर मलाही लागली.

रविवारी गारेगार सभागृहात अडतीस जण हजर. विषय एकच होता, झडप अनधिकृतपणे फिरवल्याचा.

"माझे सासरे गेले असते," सूनबाई शांतपणे म्हणाल्या.

"केलंत ते बरंच केलंत," चौथ्या मजल्यावरच्या मावशी अंगावरची शाल सारखी करत म्हणाल्या, "पण विचारायला हवं होतं."

झडप पूर्ववत करावी, असं कोणीही सुचवलं नाही. फक्त शिस्त राहावी म्हणून सातव्या मजल्यावरच्या त्या एका घराकडे जाणारी नळी बुजवून तिथली गार हवा मोसम संपेपर्यंत बंद ठेवावी, असा ठराव आला. मी तो वाचून दाखवला. हात वर झाले.

सूनबाईंनी एकेका चेहऱ्याकडे पाहिलं. त्यांची नजर तुमच्यापर्यंत आली तेव्हा तुम्ही मोबाइलमध्ये डोकं खुपसून बसला होतात. कशावर मतदान आहे, हेही तुम्ही शेजारच्याला नंतर विचारलंत. आता हे वाचताना सचिव किती निर्दय आहे, असं तुमच्या मनात येत असेल, तर येऊ द्या. मी फक्त हात मोजले. त्यात तुमचा होता.